पत्रासरांचे सरळ खांब

माझ्या धाकट्या भावाने उभं आयुष्य पत्रा चिरडण्यात घालवलं. हे मी चेष्टेने सांगत नाही. त्याच्या पदाचं नाव दारावरच्या पाटीत मावत नसे इतकं लांब होतं, पण रोजचं काम एवढंच. पातळ पोलादी पत्रा दुमडून केलेला खांब एका उंच यंत्रात उभा धरायचा, वरून हळूहळू दाबत न्यायचा आणि तो कुठे, कसा, किती भाराला मान टाकतो ते लिहून ठेवायचं. विद्यार्थी त्याला पत्रासर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या खुळाची सुरुवात मी पाहिली आहे. तो दहा वर्षांचा असेल. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा अंगणात पालथा घालून तो त्यावर एका पायावर उभा राहिला आणि मला म्हणाला, "ताई, फूटपट्टीने डब्याच्या पोटाला नुसती टिचकी मार." मी मारली. डबा भसकन बसला आणि हा कोपरावर आपटला. कोपर सोलून निघालं होतं, तरी हा डोळे मोठे करून म्हणतो, "बघितलंस? टिचकीआधी तो मला अख्खा उचलून धरत होता!" आईने दोघांनाही चोपलं. मला जास्त, कारण मोठी मी होते. त्या एका टिचकीवर पुढे त्याने डॉक्टरेट मिळवली, दीडशे निबंध छापले आणि चौदा देश पाहिले. मला अजून त्याबद्दल कुणी साधी पावतीही दिलेली नाही.

घरात या विद्वत्तेचा उपयोग शून्य. जेवणाच्या टेबलाचा एक पाय वीस वर्षं डुगडुगत होता आणि त्याखाली दर महिन्याला नवा घडी केलेला कागद जाई. भावजय म्हणायची, "ताई, जगातले खांब यांच्या सूत्राने उभे आहेत म्हणे, आमची आमटी मात्र रोज पूर्वेकडे सांडते." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. कुणी पाहुणा आला की मात्र थंड पेयाची रिकामी डबी अंगठ्याने दाबून दाखवायची हौस. "हे पाहा, पत्रा तुटत नाही. तो आधी सुरकुततो. सुरकुतला की संपला." पाहुणे माना डोलवत आणि चहाची वाट पाहत.

त्याच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी होती 'जाड'. एखाद्याचं भाषण जाड, एखाद्याची अक्कल जाड, शेजारच्यांनी बांधलेला जिना जाड. "जाड माल घालून कुणीही उभं करील," तो म्हणायचा, "डोकं पातळ मालाला लागतं." गंमत अशी की त्याला मिळालेलं प्रत्येक मानचिन्ह काचेचं आणि दीड किलोच्या वरचं होतं. माळ्यावरची फळी त्यांच्या वजनाने मधोमध वाकली. तिचा बाक त्याने कधी मोजला नाही.

आता त्याच्या मोठेपणाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पातळ पत्र्याचा खांब अगदी सरळ असेल तर बराच भार पेलतो. पण कारखान्यातून दुमडून येणारा खांब कधीच सरळ नसतो. कुठे नखाएवढा खळगा, कुठे लांबीला किंचित बाक. तेवढ्यानेही त्याची ताकद घटते. किती घटते, हाच या लोकांचा जन्माचा प्रश्न. म्हणून खांब यंत्रात घालण्याआधी त्याचा वाकडेपणा मोजायचा असतो. खांब मोडायचा असेल त्या दिवशी माझा भाऊ सकाळी आठ वाजता प्रयोगशाळेत जाई, सपाट पोलादी मेजावर खांब आडवा ठेवी, त्यावरून काट्याचं माप सरकवी आणि दोन तास आकडे लिही. अक्षर सुरेख. हे श्रेय माझं, कारण त्याचा हात धरून मी गिरवून घेतलं होतं. दहाला त्याचा वर्ग असे. वर्ग, मग सभा, मग चहा, मग आणखी एक सभा. दुपारी तीनला तो परत येई तेव्हा खांब यंत्रात बसवून तयार असे. हा बटण दाबी आणि खांब मोडे.

असे एकशे चाळीस खांब त्याने अकरा वर्षांत मोडले. आणि त्यातून निघालं काय, तर वाकडे खांबसुद्धा जवळजवळ सरळ खांबांइतकाच भार पेलतात. साऱ्या जगाचा हिशेब एकीकडे आणि याचे आकडे दुसरीकडे. दुसऱ्या कुणी आधी स्वतःचेच आकडे पुन्हा तपासले असते. मी चौथीच्या वर्गाला गणित शिकवत असे. सगळ्या वर्गाचं उत्तर सारखं चुकीचं आलं की मी आधी फळा तपासायची. पण याने फळा तपासला नाही. याने त्या गोष्टीला नाव दिलं. 'राखीव ताकद'. एक सूत्र बसवलं, ते त्याच्या आडनावाने ओळखलं जाऊ लागलं आणि मग परिषदा, काचेची मानचिन्हं, विमानतळावर फुलांचे गुच्छ. टीका करणाऱ्यांना तो जाड म्हणायचा.

त्याचा लाडका विद्यार्थी याच अकरा वर्षांत डॉक्टर झाला, पुढे प्राध्यापक आणि शेवटी विभागप्रमुख. या प्रमुखांना पडद्यावर चित्रं दाखवल्याशिवाय दोन वाक्यं बोलता येत नाहीत. आमच्याकडे सहज चहाला आले तरी मांडीवर लॅपटॉप. त्यांनी खात्याच्या भिंतीवर 'राखीव ताकदीचं माहेरघर' असा फलक लावला होता. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, बँक उघडली की काय.

आणि फिटरमामा. यंत्रशाळेतले फिटर. खात्यातली मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून सगळेच म्हणत, माझा भाऊसुद्धा. ठेंगणे, घट्ट, बोलायला तुटक. कानावर पेन्सिल, खिशात रिळाचा दोरा. खांब यंत्रात बसवायचं काम त्यांचं. दीड-दोन तासांचं किचकट काम, आणि ते करताना त्यांना शेजारी कुणी उभं राहिलेलं खपत नसे. माझ्या भावाला तेवढंच निमित्त पुरे होतं.

मामांच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ झाला तेव्हा माझ्या भावाचंही एकच वर्ष उरलं होतं. घरच्यांना बोलावणं होतं म्हणून मी आणि भावजय गेलो. प्रमुख वीस मिनिटं बोलले. पडद्यावर फोटो होता, त्यात यंत्र पूर्ण होतं आणि मामा अर्धे. भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मग मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

मामा उठले, माईक दूर सारला. "मला काही बोलता येत नाही. एकच सांगतो. साहेबांच्या यंत्राखाली मी एकही वाकडा खांब जाऊ दिला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भावानेही.

"कारखान्याचा माल कसा यायचा मला विचारा," मामा आता रंगात आले. "काकडीसारखा. साहेब बिचारे सकाळी मापं घेत बसायचे. ते वर्गावर गेले की मी एकेक खांब ठोकळ्यावर घेऊन लाकडी हातोडीने सरळ करायचो. दोरा लावून बघायचो, खालून उजेड दिसला नाही पाहिजे. मग यंत्रात. साहेबांचं काम जगात नावाजलं, त्यात खारीचा वाटा आपलाही आहे. पण कधी बोलून दाखवलं नाही. आज जातोय, म्हणून बोललो."

पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारचे दोन हात एकदा वाजले आणि मांडीवर पडले. मी वळून पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी कोपरावर पडला तेव्हासारखा झाला होता, पण आत्ता डोळ्यांत आनंद नव्हता.

मलाही तेवढं गणित येत होतं. मापं वाकड्या खांबाची आणि मोड सरळ खांबाची. राखीव ताकद पत्र्यात नव्हती, मामांच्या हातोडीत होती.

आम्ही घरी आलो. जेवताना भावजयीने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "मामांना बढाया मारायची सवय आहे." आणि पुढचे तीन आठवडे त्याने हे एकच वाक्य धरून ठेवलं. त्या तीन आठवड्यांचा मला आजही राग येतो. तो माझा भाऊ आहे, मी त्याला पाटीवर पहिलं अक्षर काढायला शिकवलं आहे, म्हणूनच येतो. परक्याला मी सोडून दिलं असतं.

कारण या तीन आठवड्यांत एक तारीख जवळ येत होती. इमारती कशा बांधाव्यात त्याचं एक देशभर चालणारं नियमपुस्तक असतं. त्याची नवी आवृत्ती निघायची होती आणि त्यात माझ्या भावाचं सूत्र जायचं होतं. ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. समितीची शेवटची बैठक दोन महिन्यांवर होती. एकदा छापलं की मग कुणीही त्या सूत्रावर बोट ठेवून आणखी पातळ पत्रा वापरायला मोकळा.

मी एका सकाळी त्याच्या खोलीत गेले. तो जुन्या वह्या उघडून बसला होता.

"कशाकशाला वापरतील तुझं सूत्र?"

"गोदामं. शेड. दुकानांतले उंच रॅक." त्याने मान वर केली नाही.

"शाळांची छपरं?"

"हो. तीही."

"आणि तिथे खांब सरळ करायला मामा जाणार आहेत?"

"ताई, तुला यातलं कळत नाही."

"मला एवढं सांग. खांब यंत्रात बसवताना तू कधी तिथे उभा होतास?"

"माझा वर्ग असायचा दहाला."

"अकरा वर्षं, दर वेळी?"

"दीड तास नुसतं उभं राहून फिटरचं काम बघायला प्राध्यापक करतात का कुणाला?"

हे वाक्य बोलला आणि त्याने समोरची वही मिटली. काही वाक्यं तोंडातून बाहेर पडल्यावर खोलीत घाण वास सुटल्यासारखी राहतात. मी उठून खिडकी उघडली आणि बाहेर आले. त्या दिवशी दुपारी त्याने मामांच्या घरी फोन केला.

त्याने कारखान्यातून बारा नवे खांब मागवले. सहा जसे आले तसे मोडायचे, सहा मामांनी पूर्वीसारखे सरळ करून मोडायचे. निवृत्त माणसाला आत सोडायला प्रमुखांनी दोन अर्ज मागितले. मामा आले ते आनंदाने. साहेबांना आपली आठवण झाली, एवढंच त्यांना वाटलं. सरळ करायचे सहा त्यांनी हौसेने केले. पण वाकडा खांब यंत्रात घालायची वेळ आली तेव्हा अडून बसले.

"हा असा घालू? ह्याला बघा की, कंबर मोडल्यासारखा आहे."

"असाच घालायचा, मामा."

"कुणी बघितलं तर म्हणेल, मामांचा हात गेला."

"माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून माझा हात परत येणार आहे का?"

शेवटी मामांनी तोंड फिरवून घातला. ते सगळे दिवस माझा भाऊ स्टुलावर बसून होता, सकाळी आठपासून. वर्ग त्याने दुसऱ्याला दिला होता. वाकडे सहाच्या सहा खांब सूत्राने सांगितलेल्या भाराच्या दोनतृतीयांशातच बसले. सरळ केलेले सहा मात्र सूत्राला केसाइतकेही चुकले नाहीत. मामा खूष. "बघा साहेब, माझं काम आणि तुमचं सूत्र, दोन्ही बरोबर आहेत!" माझा भाऊ स्टुलावरून उठला. मग त्याने सांगितलं, नीट, सुरुवातीपासून. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मग खांब सरळ करू नका, असं तेव्हाच का नाही सांगितलंत? आणि मी सांगितलं नाही, पण मी सरळ करतो हे त्यांना तर माहीत होतं."

"कुणाला?"

"तुमच्या प्रमुखांना. ते विद्यार्थी होते तेव्हा दोऱ्याचं दुसरं टोक कोण धरायचं? मी एकट्याने दोन्हीकडून धरू का?"

पुढच्या रविवारी प्रमुख घरी आले. अर्थात लॅपटॉपसकट. बातमी पोहोचली होती. भावजयीने चहा ठेवला, टेबल डुगडुगलं, चहा बशीत सांडला. प्रमुखांनी तो सांडलेला चहा पाहिला आणि अतिशय हळुवार आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही फार मनाला लावून घेताय. शास्त्रात असं होतं."

"होतं खरं."

"मागे घ्यायचंच असेल तर शोभेसं घेऊ. मी मसुदा आणलाय." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे पाहा. 'प्रयोगशाळेतील एका कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय केलेल्या हस्तक्षेपामुळे...' म्हणजे तुमच्यावर काही येत नाही, खात्यावर येत नाही. मामा तर निवृत्तच झालेत. त्यांना काय फरक पडतो?"

मी इतकी वर्षं मुलांत काढली. खिडकीची काच फोडून शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बोट दाखवणारी मुलं मी शेकड्याने पाहिली आहेत. पण त्यांची बोटं थरथरायची. यांचं बोट कळफलकावर अगदी स्थिर होतं.

"दोरा कोण धरत होतं?" माझ्या भावाने विचारलं.

प्रमुखांनी चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मी धरत होतो. मला दुसऱ्या वर्षी कळलं. पण सर, तुम्हाला सांगायचं कुणी? आकडे बघून तुम्ही इतके खूष होतात. एका मुलाने शंका काढली होती, तुम्ही त्याला सगळ्यांसमोर जाड डोक्याचा म्हणालात. त्याने विषयच बदलला. मला घरी आईवडील होते, सर. मला डॉक्टर व्हायचं होतं."

हे खोटं नव्हतं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात कणभर आदर नाही, पण ते खोटं नव्हतं. माझा भाऊ डोळे मिटून बसला. भावजय फडकं घेऊन आली, टेबल पुसलं आणि जाताना म्हणाली, "तुम्ही दोघंही एकमेकांना छान शोभता."

प्रमुख गेल्यावर त्याने ते निवेदन स्वतः लिहिलं. चार ओळींचं. शेवटची ओळ अशी होती: 'नमुने यंत्रात बसवले जात असताना मी एकदाही उपस्थित नव्हतो, त्यामुळे मोजलेला खांब आणि मोडलेला खांब एकच होता असं मी सांगू शकत नाही, सूत्र रद्द समजावं.' मामांचं नाव नाही, कर्मचाऱ्याचा उल्लेख नाही. प्रमुखांनी त्यावर सही करायला नकार दिला. मग माझ्या भावाने एकट्यानेच सही केली.

समितीच्या बैठकीत काय झालं ते त्याने मला जसं सांगितलं तसं सांगते. तेवीस माणसं होती. त्याने निवेदन वाचलं. मग अध्यक्ष म्हणाले की पानं जुळवून झाली आहेत, तेव्हा सूत्र तूर्त राहू द्यावं आणि एक उपसमिती नेमावी. दुसरे म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाचं सूत्र असं काढणं हा त्यांचाच अपमान होईल. तिसऱ्यांनी दुपारच्या जेवणाची वेळ विचारली. माझा भाऊ उभाच होता. म्हणाला, "माझा अपमान मी करून आणलाय, तुम्हाला तसदी नको. पण हे पान छापलं, तर पहिलं छप्पर बसेल त्या दिवशी मी वर्तमानपत्रात या बैठकीतल्या सगळ्यांची नावं देईन. यादी माझ्याकडे आहे." तेव्हा कुठे उपसमितीचा उत्साह ओसरला. त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला नाही, स्वतःच्या नावाची काळजी जागी झाली. पान काढलं. पुढच्या पानांचे आकडे एकाने मागे आले, याबद्दल अध्यक्षांनी छपाईवाल्यांची क्षमा मागितली. माझ्या भावाची कुणी मागितली नाही. त्याने मागितलेलीही नव्हती.

निवेदन मासिकात छापून आलं. ज्या मासिकाने सूत्रासाठी मुखपृष्ठ दिलं होतं, त्याने सूत्राच्या मृत्यूसाठी शेवटून दुसऱ्या पानावर खालचा कोपरा दिला. भिंतीवरचा फलक रातोरात गेला. त्या जागी 'नवोन्मेषाचं केंद्र' असा दुसरा आला. त्यात काय असतं ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

खरं सांगू? माझा भाऊ त्या दिवसांत थोडा फुशारलेलाच होता. सूत्र गेलं याचं दुःख होतं, पण आपण मामांना किती जपलं, हे तो मनातल्या मनात चघळत होता. दोनदा मला म्हणाला, "मामांच्या नावाला धक्का लागू दिला नाही बरं का." दोनदा. उदारपणासुद्धा हा माणूस मानचिन्हासारखा फळीवर ठेवतो.

आठवड्याभराने मामा आले. चपला दाराशी आपटल्याच. त्यांच्या हातात मासिकाच्या त्या पानाची प्रत होती. त्यांच्या मुलीने वाचून समजावून दिलं होतं.

"या मामा, बसा."

"बसत नाही. यात मी कुठंय?"

माझा भाऊ हसला. "मुद्दामच नाही घातलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास?" मामांचा आवाज चढला. "साहेब, एकशे चाळीस खांब. एकशे चाळीस! त्या काकडीला मी दोऱ्यात आणलं. सूत्राला केसाइतके चुकले नाहीत, तुम्ही स्वतः म्हणालात. आणि इथे लिहिलंय काय, तर कोण खांब, कसला खांब, मी सांगू शकत नाही! वर्गावर गेलेल्या माणसाचं नाव छापून आलं, आणि काम करणाऱ्याचं नाही."

"अहो, पण त्यात चूक..."

"चूक तुमची. ती लिहिलीत, चांगलं केलंत. माझं काम कुठाय ते विचारतोय मी."

भावजय दारात उभी होती, मी खुर्चीत. माझा भाऊ आमच्याकडे पाहायला लागला, लहानपणी उत्तर अडलं की पाहायचा तसा. मी त्याला उत्तर सांगितलं नाही. आधी कधीच सांगायला नको होतं.

त्याने मामांच्या हातातला तो कागद घेतला. मग हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही खांब सरळ कसा करायचात हे मला ठाऊकच नाही. ठोकळ्यावर घ्यायचात, एवढंच ऐकलंय. त्या बारा खांबांच्या वेळीही मी मापाकडेच बघत होतो."

"ते दिसलंच की मला."

"मग लिहू काय?"

"आधी बघा. मग लिहा."

दुसऱ्या दिवशी दोघांनाही पाहुण्याच्या चिठ्ठीवर आत जावं लागलं, कारण माझ्या भावाने निवृत्तीपर्यंतची रजा घेतली होती आणि त्याचं ओळखपत्र तोवर जमा झालं होतं. मला गुडघ्याचा त्रास आहे, तरी मी सोबत गेले. असा तमाशा परत दिसला नसता. यंत्रशाळेच्या कोपऱ्यात मामांनी दोन लाकडी ठोकळे मांडले, त्यावर खांब घेतला, कानावरची पेन्सिल काढून तीन ठिकाणी खुणा केल्या. माझा भाऊ वही उघडून उभा राहिला. हातोडी पडे, मामा थांबत, तळहात फिरवत, अर्धा इंच सरकवत, पुन्हा हातोडी. कुठे मारायची नाही हेच त्यांना जास्त माहीत होतं. "इथे मारलं की तिकडे फुगतो," ते पुटपुटले, "म्हणून आधी तिकडं दाबून धरायचं." माझ्या भावाने ते लिहिलं. मग खोडलं, जवळ जाऊन वाकून पाहिलं आणि पुन्हा लिहिलं. एक तास झाला, दीड झाला. प्रमुख काचेच्या दारातून डोकावले आणि निघून गेले.

मामांनी खिशातून दोरा काढला आणि एक टोक पुढे केलं. माझ्या भावाने वही बगलेत दाबली, ते टोक खांबाच्या कडेवर धरलं आणि खालची फट दिसते का हे पाहायला इतका वाकला की त्याचं डोकं खिडकीसमोर आलं.

"साहेब, बाजूला व्हा जरा," मामा म्हणाले, "उजेड अडतोय."

तो बाजूला झाला.